अर्धा मासा शिसे

खंडेनवमीला आमच्या घरी जी शस्त्रे पाटावर मांडली जातात त्यांत विळी, कात्री, वडिलांचा मूठ सैल झालेला जंबिया आणि एक छऱ्यांची बंदूक असते. ही बंदूक आमच्या थोरल्या बंधूंनी तरुणपणी हौसेने घेतली होती. त्यांच्यामागे वर्षातून एकदा हळदकुंकू लावून घेण्यापलीकडे तिला काही काम उरले नव्हते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसळे याने नेमबाजीत कांस्यपदक मिळवले आणि त्याच आठवड्यात आमच्या चौदा वर्षांच्या नातवाने ती बंदूक मागून घेतली. स्वप्नीलची रायफल काडतुसाची आणि अंतर ५० मीटरचे, ही तर दट्ट्याची, हा भेद आम्ही त्याला सांगितला. त्यावर त्याने आम्हांलाच आपल्या शहराचे स्मरण करून दिले. हैदराबादेत वाढलेल्या गगन नारंगचे २०१२ चे लंडनमधील कांस्यपदक १० मीटर एअर रायफलचेच होते. आम्ही निरुत्तर झालो.

गच्चीच्या टोकाला, पाठीमागे भक्कम भिंत पाहून, जुन्या कपड्यांनी ठासलेली लाकडी पेटी ठेवण्यात आली. तिच्यावर लक्ष्याचा कागद लागला. पोपट आणि सातभाई यांच्याकडे नळी वळवायची नाही, हे पहिल्याच दिवशी बजावले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा धाक तर घातलाच, पण त्याहून त्याच्या आजीचा धाक अधिक उपयोगी पडला.

सुरुवातीचे दोन महिने उत्तम गेले. पुढे नातवाने खाऊच्या पैशांतून एक नवा डबा आणला. त्यावर वेगाचा मोठा आकडा छापलेला होता. आतले छर्रे शिशाचे नसून कुठल्याशा हलक्या मिश्रधातूचे, चकचकीत, वजनाला जेमतेम ५ ग्रेनचे होते. आवाज मोठा येऊ लागला. पोरगे खूश झाले, आणि ज्या दुकानदाराने 'हलका छर्रा, दूर मारा' असे सांगितले होते तोही खूश असणार. हळूहळू कागदावरची भोके मात्र पांगू लागली. बंदुकीतून 'ठण्' असा धातूचा आवाज येई. चार महिन्यांनी मुलगा जेवताना म्हणाला, "आजोबा, माझा हातच बिघडला. आता नको." त्याने बंदूक कपाटात ठेवली. शाळेतून नेमबाजीच्या निवडीसाठी नाव द्यायचे होते, तेही त्याने दिले नाही. हा घास आमच्या घशाखाली उतरला नाही.

दोष हाताचा नव्हता. सायकलला हवा भरण्याचा पंप ज्यांनी हाताळला आहे त्यांना हे यंत्र सहज कळेल. नळी मोडून वाकवली की आतली स्प्रिंग दाबली जाऊन दट्ट्या मागे अडकतो. चाप ओढताच स्प्रिंग दट्ट्याला पुढे फेकते, समोरची हवा कोंडते, आणि ती कोंडलेली हवा छऱ्याला नळीतून हाकलते. पंपाचे तोंड बोटाने धरले की शेवटी हात जसा हवेच्या उशीवर टेकतो, तसाच दट्ट्याही धावेच्या अखेरीस हवेच्या उशीवर टेकायला हवा. ही उशी तयार होते ती छऱ्याने केलेल्या विरोधामुळे. छर्रा फार हलका असेल तर तो अगोदरच निसटतो, उशी पातळ पडते आणि दट्ट्या सिलिंडरच्या टोकावर जाऊन आदळतो. वायसर फाटते, स्प्रिंग वाकते. रिकाम्या बंदुकीचा चाप ओढणे तर याहून वाईट, कारण तेथे विरोध करणारे कोणीच नसते.

मग जड छर्रा घ्यावा काय? तेही नव्हे. फार जड छर्रा जागचा हलेपर्यंत समोरचा दाब इतका चढतो की दट्ट्या उसळून मागे येतो. छर्रा नळीत अधिक वेळ रेंगाळतो आणि तेवढ्या वेळात बंदुकीचा धक्का व हाताची थरथर त्याच्या वाटेला येते. वेग कमी झाल्याने तो वाटेत अधिक खालीही झुकतो. साडेसात ग्रेनचा छर्रा सेकंदाला १७० मीटर वेगाने सुटला तर त्याची शक्ती सुमारे ७ जूल भरते. हवेचा विरोध धरला नाही तर १० मीटरवर तो सुमारे पावणेदोन सेंटिमीटर खाली येतो. तेवढ्याच शक्तीने सोडलेला १० ग्रेनचा छर्रा सव्वादोन सेंटिमीटर खाली येतो. हा फरक माशी आणि मागचा नेम जुळवून भरून काढता येतो. २५ मीटरवर मात्र तोच फरक साडेतीन सेंटिमीटरच्या पुढे जातो. स्पर्धेच्या लक्ष्यातील दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या बारीकसारीक हिशेबाचे हसू येणार नाही. लंडनला नारंगचे गुण ७०१.१ होते आणि रौप्यपदकाचे ७०१.५.

तात्पर्य मधल्या वजनाचे. घरगुती ४.५ मिलिमीटरच्या स्प्रिंगच्या बंदुकीला ७ ते साडेआठ ग्रेनचे शिशाचे छर्रे बहुधा मानवतात. कागदावर नेम धरायचा तर सपाट तोंडाचे घ्यावेत, भोक स्वच्छ पडते.

'ग्रेन' म्हणजे किती, हे आमच्या मनात ठसेना, म्हणून डबा खिशात घालून आम्ही नातवासह गुलझार हौजजवळच्या आमच्या जुन्या सराफाकडे गेलो. "काका, आज सोन्याऐवजी शिसे?" म्हणून तो हसला, पण त्याने हिशेब मांडला तो असा: जुना तोळा १८० ग्रेनचा. तोळ्याचे १२ मासे, माशाच्या ८ गुंजा. म्हणजे साडेसात ग्रेन बरोबर ४ गुंजा, अर्धा मासा! आणि २४ छऱ्यांचा एक तोळा. मग त्याने काट्यावर एकेक छर्रा ठेवून दाखवला. स्वस्त डब्यातल्या छऱ्यांची वजने आपापसांत जुळत नव्हती. चांगल्या डब्यातली जवळजवळ एकसारखी होती. मुलगा कितीतरी वेळ त्या काट्याकडेच पाहत राहिला.

दुरुस्ती करणाऱ्या एका वृद्ध कारागिराने नवे वायसर व स्प्रिंग बसवली. त्यानंतर तीन प्रकारचे छर्रे आणून परीक्षा केली. तिची रीत येथे देतो, कारण वजनाचा निर्णय डब्यावरून नव्हे, कागदावरून करायचा असतो. छर्रा बदलला की पहिले दहा-बारा मोजायचे नाहीत, नळीला सवय होऊ द्यायची. पुढील दहा एका नव्या कागदावर मारायचे. बंदूक आवळून धरायची नाही, पुढचा दस्ता उघड्या तळहातावर नुसता विसावू द्यायचा, कारण छर्रा नळीतून सुटण्याआधीच ही बंदूक हलते आणि तिला दर वेळी सारखेच हलू द्यायचे असते. भोके कोठे पडली याची चिंता नको, किती जवळजवळ पडली तेवढे पाहावे. जागा नंतर माशी सरकवून आणता येते.

साडेसात ग्रेनच्या दहा छऱ्यांची भोके एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली. आठाच्या वर गेलेल्यांची थोडी विस्कटली. त्याच प्रकारचे दुसऱ्या डब्यातले, डोक्याने ४.५० ऐवजी ४.५१ मिलिमीटरचे छर्रे मात्र आमच्या नळीला अजिबात रुचले नाहीत. दुसऱ्या घरच्या बंदुकीला कदाचित तेच रुचतील. मुलाने तो कागद तारीख घालून अभ्यासाच्या मेजावर चिकटवला आणि काही न बोलता दुसऱ्या दिवशी शाळेत नाव दिले. निवड व्हायची आहे.

शिसे विषारी आहे, म्हणून छर्रे दातांत धरण्याची जुनी खोड आम्ही मोडून काढली आणि हात साबणाने धुतल्याशिवाय पानावर बसू देत नाही. या खंडेनवमीला त्याने बंदुकीशेजारी छऱ्यांचा डबाही मांडला होता. आजीने तो उचलला, नैवेद्यापासून लांब, खिडकीत नेऊन ठेवला, आणि तेथेच त्याच्या झाकणावर हळदकुंकवाची दोन बोटे उमटवली.