हात रंगात, कान सुरात

नाशिकहून आग्रा रस्त्याने निघाले की वीसेक किलोमीटरांवर ओझर लागते. निफाड तालुक्यातील द्राक्षांच्या पट्ट्यातले हे गाव सर्व देशाला ठाऊक झाले ते १९६४ नंतर, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या विमान कारखान्यामुळे. मिग-२१ पासून सुखोई-३० पर्यंतची लढाऊ विमाने येथे घडली. अशा कारखान्यात कानाला मोठी शिस्त असते. यंत्राचा सूर बिघडला तर ते कसबी कारागिराच्या डोळ्यांआधी कानाला कळते. गोंगाटाच्या जागी कानांवर संरक्षक चढवावे लागते. काम करताना गाणी ऐकणे ही कल्पनाच तेथे गैरलागू. हाच कारागीर संध्याकाळी घरी परततो, तेव्हा मुलगी इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या तयारीसाठी कागद पसरून बसलेली असते. हातात ब्रश आणि कानात इअरफोन! साहजिकच त्याच्या तोंडून प्रश्न निघतो : ‘चित्र काढतेस की गाणी ऐकतेस?’

प्रश्न घरगुती आहे, आणि तो केवळ ओझरच्या वसाहतीत विचारला जातो असेही नव्हे. तथापि त्याचा विचार वाटतो त्याहून अधिक गांभीर्याने करावयास हवा. चित्र आणि गाणे यांची सोबत फार जुनी आहे. तेव्हा ‘दोन्ही करते’ हे मुलीचे उत्तर वावगे ठरत नाही. खरा प्रश्न वेगळाच आहे. ती जे ऐकते ते तिने निवडलेले असते काय? आणि ते ऐकून तिच्या कानाला काही नवे मिळते काय?

जुनी सोबत

विष्णुधर्मोत्तर पुराणातील एक प्रसंग कलेच्या अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. वज्र राजा मार्कंडेय ऋषींकडे मूर्तिकला शिकावयास जातो. ऋषी सांगतात, त्यासाठी आधी चित्रकला यावयास हवी. राजा म्हणतो, मग चित्रच शिकवा. चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गायन, अशी ही मागे मागे जाणारी पायऱ्यांची वाट अखेर गळ्यापाशी येऊन थांबते. आपल्या परंपरेने चित्रकाराच्या शिक्षणाचा पाया गाण्यात शोधला, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? सोळाव्या शतकाच्या अखेरीस दख्खनच्या सुलतानांच्या आश्रयाने ज्या रागमाला चित्रित झाल्या, त्यांत तर राग हाच चित्राचा विषय बनला. कानाने ऐकावयाची गोष्ट त्या चित्रकारांनी रंगांत बसविली.

ही झाली दरबारची कला. महाराष्ट्राच्या घराघरांत हाच संबंध जात्याने जोडला होता. हेमा राइरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एवढा अफाट काव्यसंभार निर्माण झाला तो पहाटेच्या अंधारात, दोन्ही हात कामात गुंतलेले असताना. जात्याची घरघर ही त्या गाण्याची लय आणि पिठाची भुरभुर हा त्याचा काळ. सावता माळ्याचा मळा, गोरा कुंभाराचे चाक, मोटेवरची आणि भलरीची गाणी, सर्वत्र हेच दिसते. हातातले काम गाण्याला अडवीत नव्हते; किंबहुना ते गाण्याला जन्म देत होते.

गाणे कोणी निवडले?

या जुन्या सोबतीत एक गोष्ट गृहीत होती. गाणे काम करणाऱ्याचे होते. बाईने ओवी रचावी, आठवावी, मनात आले तर बदलावी. यंत्रयुगात हा संबंध उलटला. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४० मध्ये, बीबीसीने कारखान्यांतील कामगारांसाठी कामाच्या वेळी ऐकावयाच्या संगीताचा खास कार्यक्रम सुरू केला. कंटाळा कमी व्हावा आणि उत्पादन वाढावे, हा त्यामागील हेतू. हाताचा वेग मंदावू नये अशाच चाली निवडल्या जात. हा कार्यक्रम १९६७ पर्यंत चालला. कामगारांना तो आवडत असे, यात शंका नाही. परंतु गाणे निवडणारा आणि काम करणारा हे येथे दोन झाले, हेही तितकेच खरे.

आज आपण तिसऱ्या अवस्थेत आलो आहोत. ओझरच्या त्या मुलीच्या फोनमध्ये कोट्यवधी गाणी आहेत. इतकी श्रीमंती कोणत्याही काळातील कोणत्याही बादशहाच्या वाट्याला आली नव्हती. परंतु एक गाणे संपले की पुढचे कोणते, हे बहुधा ती ठरवीत नाही; गणिती हिशेब ठरवितो. काल जे आवडले त्यासारखेच आज वाढावयाचे, हा त्या हिशेबाचा मुख्य नियम. खानावळीत बसल्यावर काल मागितलेली भाजीच रोज न मागता पानात पडावी, तसा हा प्रकार आहे. पोट भरते, परंतु जिभेला नव्या चवीची ओळख होत नाही. जिच्या हातून उद्या काही नवे घडावयाचे, तिच्या कानाला सतत ओळखीचेच पुरवीत राहणे ही साधी गोष्ट नव्हे.

रसिकांचा आक्षेप

येथे एक आक्षेप येतो आणि तो मोलाचा आहे. जाणते रसिक म्हणतील, संगीत ही पाठीमागे वाजत ठेवण्याची वस्तूच नव्हे. ख्यालाची बढत ऐकावयाची तर सारे चित्त तेथेच हवे. रंग कालवता कालवता ऐकलेला राग हा रागाचाही अपमान आणि रंगाचाही. या म्हणण्यात तथ्य आहे. शब्द असलेले गाणे वाचनलेखनाच्या आड येते, हे मानसशास्त्रीय प्रयोगांतही दिसून आले आहे. परीक्षेच्या भाषेत सांगावयाचे तर, अक्षरलेखनाचा कागद समोर असताना कानात शब्दांची गर्दी उपयोगाची नाही. उलट संकल्पचित्रातील आकार ठरून गेले आणि केवळ सपाट रंग भरावयाचे उरले, की तेच गाणे हाताला स्थैर्य देते.

तेव्हा ऐकण्याचेही दोन प्रकार मानावे लागतात. एक, आवडत्या आणि पाठ झालेल्या ध्वनिमुद्रिकेचे ऐकणे. तिच्यातील प्रत्येक वळण ठाऊक असते. म्हणून ती लक्ष मागत नाही, सोबत देते. शिवकुमार शर्मा, ब्रिजभूषण काब्रा आणि हरिप्रसाद चौरसिया यांची १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ किंवा किशोरी आमोणकरांच्या भूप-बागेश्रीची तबकडी अनेकांनी अशी झिजेपर्यंत ऐकली. दुसरा प्रकार नव्या संगीताचा. ते प्रथम हात थांबवूनच ऐकावयास हवे. चित्रकाराने कागद ताणावा, रंग घोटावेत, ब्रश धुवावेत आणि तेवढ्या अवधीत अनोळखी सुरांची भेट घ्यावी. ओळख झाली की मग त्यांना कामाच्या खोलीत बसवावे. पाहुणा घरचा होण्याचा मार्ग हाच असतो.

जुन्या तबकडीचा आणखी एक गुण आज ध्यानात येतो. दीर्घ मुद्रिकेची एक बाजू वीसपंचवीस मिनिटांत संपे. मग उठावे लागे, तबकडी उलटावी लागे. तेवढ्यात चित्रकार कागदापासून चार पावले दूर होई आणि आपण काय केले ते दुरून पाही. संगीताचा शेवट हा असा चित्राच्या उपयोगी पडत असे. न संपणाऱ्या गाण्यांच्या ओघात हे उठणे नाहीसे झाले. वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) हे या संयमाचे मोठे उदाहरण होय. भारतीय आणि पाश्चात्य, दोन्ही अभिजात संगीतांचे ते निस्सीम चाहते. वर्षाकाठी मोजकीच चित्रे त्यांच्या हातून पुरी होत. बाकीचा काळ पाहण्यात, ऐकण्यात आणि वाट पाहण्यात जाई. त्यांचे कॅनव्हास पाहताना शांततेचीच जाणीव होते, हा योगायोग मानता येणार नाही.

नव्याचा शोध

आवडते संगीत हात स्थिर करते. नवे संगीत दृष्टी हलविते. जानेवारी १९११ मध्ये कांदिन्स्की यांनी म्युनिकला शोएनबर्ग यांच्या रचना ऐकल्या आणि त्या मैफलीवर लगोलग चित्र रंगविले. वस्तूंची रूपे सोडून निव्वळ रंग आणि रेषा यांच्याकडे त्यांचा जो प्रवास चालला होता, त्याला या अनोळखी संगीताने बळ दिले. मोंद्रियान यांची कथा तर अधिक उद्‌बोधक आहे. १९४० मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हा वय अडुसष्ट. तेथील कृष्णवर्णीयांच्या ‘बूगी-वूगी’ संगीताने ते भारून गेले आणि आयुष्यभर जपलेल्या काळ्या रेषा मोडून त्यांनी १९४२-४३ मध्ये ‘ब्रॉडवे बूगी वूगी’ हे चौकोनांनी नाचणारे चित्र केले. सत्तरीच्या उंबरठ्यावर कान उघडा ठेवला म्हणून हात तरुण राहिला. पंधराव्या वर्षीच ज्यांचा कान ओळखीच्या सुरांत कोंडला जातो, त्यांच्या हाताचे काय होईल?

नवे ऐकण्यास पूर्वी वाट पाहावी लागे. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर गीतरामायण दर आठवड्याला एका नव्या गीताने पुढे सरके, आणि छप्पन्न गीतांसाठी श्रोत्यांनी वर्षभर रेडिओभोवती गर्दी केली. त्या टंचाईचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता त्यांना ती जाचकच होती. परंतु वाट पाहणाऱ्याचा कान जागा असे, हे मान्य करावयास हवे. आज साधन आहे, जागेपण मात्र स्वतः आणावे लागते.

आणि नवे म्हणजे सातासमुद्रापलीकडचेच असे थोडेच आहे? ओझरला चंपाषष्ठीस खंडेरायाची यात्रा भरते, बारा गाडे ओढले जातात. वाघ्या-मुरळीचे जागरण, संबळ आणि तुणतुणे हे या भागाचे जिते संगीत आहे. तरी गावातल्याच मुलाच्या फोनवर ते आपणहून क्वचितच येते. कारखान्याच्या वसाहतीत देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे शेजारी शेजारी नांदत आली. पंजाबी, बंगाली, तेलुगू, मल्याळी गाण्यांचा खजिना येथे केवळ एका भिंतीपलीकडे असतो. शेजारच्या काकूंना ‘तुमच्याकडे कोणते गाणे म्हणतात?’ एवढे विचारले, तरी फोनच्या हिशेबात न बसणारे काही हाती लागेल.

करावयाचे काय?

पालकांनी इअरफोन हिसकावून घेऊ नये. मात्र आवाजाची मर्यादा सांगावी. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास आणि मुलांसाठी ७५ डेसिबल ही सीमा सुचविली आहे. कारखान्यात स्वतःचे कान जपणाऱ्या बापाला हे पटविण्याची गरज पडू नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ‘काय ऐकतेस?’ हे त्याने विचारावे आणि उत्तर ऐकून आपलीही एक आवडती मुद्रिका पुढे करावी. चित्रकलेच्या शिक्षकाने आठवड्यातून एकदा तासाची पहिली दहा मिनिटे अनोळखी संगीतास द्यावीत. आधी नुसते ऐकावयाचे, मग रेघ ओढावयाची. यास वेगळे अनुदान लागत नाही की शासकीय आदेश लागत नाही. १८४० पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय ज्या नाशकात आहे, विष्णु दिगंबर पलुस्करांनी आयुष्याच्या उत्तरार्धात जेथे पंचवटीत आश्रम उभारला, त्या परिसरातील वाचनालयांनी पुस्तकांशेजारी श्रवणाची एखादी खोली ठेवणे अवघड नाही. पलुस्करांनी दरबारातील गाणे मध्यमवर्गाच्या घरात आणले. आता ते घरातील मुलांच्या निवडीत आणावयाचे आहे.

इंटरमिजिएटच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीला मिळतात, म्हणून अनेक घरांत चित्राचा कागद पसरला जातो. गुण मिळतील आणि विसरलेही जातील. परंतु त्या संध्याकाळी रंग वाळण्याची वाट पाहताना मुलीने स्वतः शोधून काढलेले एखादे गाणे तिच्याबरोबर पुष्कळ वर्षे राहील. तेव्हा वडिलांनी आपला प्रश्न थोडा बदलावा आणि शक्य तर इअरफोनचे एक टोक आपल्याही कानाला लावून पाहावे.