पुढच्या जन्मावर ठेवू नका: ‘तुला पाहते रे’ आणि धंद्यातली सही

आज विषय जरा वेगळा आहे. मालिकेबद्दल बोलायचंय, पण शेवटी गाडी दुकानावरच येणार आहे, काळजी नको.

‘तुला पाहते रे’ आठवतेय ना? झी मराठीवर ऑगस्ट २०१८ ला सुरू झाली, जुलै २०१९ ला संपली. सुबोध भावेंचा विक्रांत सरंजामे आणि गायत्री दातारची ईशा निमकर. तो चाळिशीतला उद्योगपती, ती विशीतली साध्या घरातली मुलगी. सुरुवातीला सगळी चर्चा वयातल्या अंतरावर चालली होती. मग मालिकेने कूस बदलली. कळलं की विक्रांत हा मुळात विक्रांत नाहीच, तो गजेंद्र पाटील. सरंजामेंची कंपनी हातात यावी म्हणून त्याने राजनंदिनीशी लग्न केलं आणि नंतर तिचाच जीव घेतला. आणि ईशा म्हणजे त्याच राजनंदिनीचा पुनर्जन्म. शिल्पा तुळसकरांनी राजनंदिनी काय उभी केली होती! नंतर कन्नडमध्ये ‘जोते जोतेयली’, तेलुगूत ‘प्रेम एंत मधुरम्’ आणि २०२५ मध्ये हिंदीत ‘तुम से तुम तक’ आली. म्हणजे गोष्टीत दम आहे, वाद नाही.

पण माझं मत असं, की ही प्रेमकथा नव्हतीच. ही मालकी बळकावण्याची गोष्ट होती, वरून प्रेमाचं वेष्टण. आणि पुनर्जन्माच्या गोष्टी नीट बघा, बऱ्याच वेळा तळाशी मालमत्ताच सापडते. सुभाष घईंचा १९८० चा ‘कर्ज’ घ्या. रवी वर्मा इस्टेटीची केस जिंकतो, कामिनीशी लग्न करतो, आणि ती त्याला जीपखाली घालते. पुढे मॉन्टी होऊन तो हिशोब चुकता करतो. दोन्हीकडे फॉर्म्युला एकच. या जन्मात डोळे झाकून विश्वास, पुढच्या जन्मात न्याय.

पडद्यावर हे छान दिसतं. माझी तक्रार वेगळी आहे. अशा गोष्टी बघून आपल्याला वाटतं की फसवणूक करायला कोणी गजा पाटील लागतो, सोबत एखादा झेंडे लागतो. आमच्या घरात तसं कोणी नाही, मग आम्हाला कागद कशाला? मी छोट्या व्यावसायिकांना शिकवते, त्यात जे गोंधळ बघते त्यातल्या बहुतेकांत खलनायक नसतोच. सगळी चांगली माणसं असतात. फक्त कोणी काही लिहून ठेवलेलं नसतं.

माझ्या एका बॅचमध्ये एक ताई होत्या. घरचा मसाल्यांचा व्यवसाय. उद्यम नोंदणी त्यांच्या नावावर, जीएसटी त्यांच्या नावावर, करंट अकाउंट त्यांचंच. कारण काय, तर महिलेच्या नावावर लोन पटकन मिळतं असं कोणीतरी सांगितलं होतं. प्रत्यक्ष धंदा बघायचे नवरा आणि दीर. मी विचारलं, ‘ताई, लिमिट किती रुपयांची आहे?’ त्या म्हणाल्या, ‘ते ह्यांना माहीत.’ खात्याला मोबाइल नंबर कोणाचा? दिरांचा. आणि चेकबुक? पुढचे दहा चेक सही करून गल्ल्यात ठेवलेले!

आता हे ऐकून आपण दिराला गजा पाटील ठरवू नये. माणूस सरळ होता, पहाटे मार्केटला जाऊन मिरची आणणारा. पण त्यातला एक चेक बाउन्स झाला असता तर नोटीस कोणाला आली असती? ताईंना. प्रोप्रायटरशिपमध्ये धंदा आणि मालक ही कायद्याच्या नजरेत एकच व्यक्ती. धंद्याचं कर्ज म्हणजे तुमचं कर्ज, तुमच्या नावावरच्या घरापर्यंत पोचणारं. आणि चेक बाउन्सच्या कलम १३८ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तिथे ‘मी फक्त सही केली होती’ हे उत्तर चालत नाही. सही केली होती हाच तर मुद्दा असतो.

जामीनदाराचंही तसंच. मैत्रिणीच्या लोनवर सही करताना बँकेतला माणूस म्हणतो, ‘फॉर्मॅलिटी आहे मॅडम.’ फॉर्मॅलिटी बिलकुल नाही. करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हे १८७२ च्या करार कायद्यात लिहिलंय.

भागीदारीत तर ‘आमचं जुळलंय’ हा शब्द मी इतक्यांदा ऐकते की विचारू नका. अगदी मागच्या जन्मीची ओळख असल्यासारखं. बरं, जुळलंय. पण टक्केवारी कागदावर ठरली नसेल तर १९३२ चा भागीदारी कायदा नफा सरळ समान धरतो. तुम्ही चार लाख घातले आणि मित्राने पन्नास हजार, तरी. फर्म नोंदवलेली नसेल तर येणे पैसे वसूल करायला फर्मच्या नावाने कोर्टात जाता येत नाही. वेगळं होताना जाहीर नोटीस दिली नाही, तर तुम्ही बाहेर पडल्यानंतरच्या व्यवहारांसाठीही लोक तुम्हाला धरू शकतात. आणि दोघांतला एक गेला तर फर्मच संपते, पुढे धंदा चालू राहतो तो दुसऱ्या एकट्याचा. मग गेलेल्याचा हिशोब त्याच्या बायकोने मागायचा कोणाकडे आणि कशाच्या आधारावर? अपघात, आजारपण यांना खलनायक लागत नाही.

आता हमखास येणारा प्रश्न. ‘मॅडम, नवऱ्याकडे कागद मागितला तर त्याला वाटेल विश्वास नाही.’ वाटेल, खरंय. आपल्याकडे जिथे नातं आहे तिथे हिशोब विचारणं म्हणजे पाप. या मालिकांनी ते आणखी पक्कं केलंय: जी खरं प्रेम करते ती काही विचारत नाही. मला हे अजिबात पटत नाही. राजनंदिनीच्या बाजूने एक तरी माणूस विचारणारा असता तर ईशाला जन्म घेऊन यायची वेळ आली नसती. (मालिकाही झाली नसती, ते सोडा.)

विषय काढायची पद्धत मात्र असते. ‘मला शंका आहे’ म्हणू नका. ‘सीएने मागितलंय’ म्हणा. सीए मंडळी, माफ करा, पण तुमच्या नावाने बरीच घरं सुरळीत चालतात. आधी तीन गोष्टी बघून घ्या. खात्याचा मोबाइल नंबर कोणाचा आहे, कर्ज नक्की किती आहे, आणि सही करायचा अधिकार कोणाकोणाला आहे. भांडण न करता एका संध्याकाळी होणारं काम आहे.

त्या ताईंनी काय केलं ते सांगते. गल्ल्यातले चेक फाडले, मोबाइल नंबर स्वतःचा जोडला. मग नवऱ्याबरोबर रीतसर भागीदारी केली, अर्धी-अर्धी, आणि फर्म नोंदवली. पॅन बदललं म्हणून जीएसटी आणि उद्यम पुन्हा काढावे लागले, बँकेत नवीन खातं, महिनाभर नुसती पळापळ. दिरांना पगार ठरवून दिला, लेखी. पहिले काही महिने ते वहिनीशी धड बोलत नव्हते. गेल्या दिवाळीत त्यांनीच विचारलं, ‘वहिनी, मला पण भागीदारीत घ्याल का? टक्के किती ते मात्र लिहून पाहिजे.’