नदीकाठ पाहावा तो पलीकडून

नदीकाठचे शहर पाहायचे असेल तर त्या शहरात उतरू नये, समोरच्या काठावर उतरावे, असे माझे ठाम मत झाले आहे. आम्हा पुणेकरांकडे ठाम मते नळाच्या पाण्याहून अधिक नियमित येतात, हे मान्य. पण हे मत पुण्यातले नाही. ते मला मिसिसिपीच्या काठी, सेंट लुईस शहरासमोर मिळाले.

शिकागोजवळ राहणाऱ्या लेक-जावयाने आम्हा दोघांना आर.व्ही.तून हिंडवायचे ठरवले. आर.व्ही. म्हणजे चाकांवरचे घर. तीस फूट लांबीत शेगडी, फ्रीज, पलंग, न्हाणीघर, संडास, सारे काही. सौभाग्यवतींनी पहिल्या तासातच पोळपाट-लाटण्याची जागा ठरवली आणि ते वाहन आमचे झाले. साठी उलटलेल्यांना या सोयीचे मोल सांगायला नको. रात्री उठायचे झाले तर दिवा कुठे आहे हे ठाऊक असते, हेच केवढे! मात्र या घराला शहरात प्रवेश नाही. मध्यवस्तीतल्या पार्किंगच्या इमारतींची छते ठेंगणी, वळणे अरुंद. म्हणून जावयाने गाडी नदीपलीकडे, इलिनॉयच्या बाजूला लावली, वीज-पाण्याच्या नळ्या जोडल्या आणि आम्ही लोकल रेल्वेने शहरात गेलो.

ही रेल्वे ईड्स पुलाच्या खालच्या मजल्यावरून नदी ओलांडते. पूल १८७४चा. इतक्या मोठ्या पुलाला मुख्यतः पोलाद वापरण्याचे धाडस तेव्हा नवे होते. नदीच्या तळाशी, दाबाखालच्या हवेत काम करून वर आलेल्या सुमारे पंधरा मजुरांचा जीव गेला; वर येताना दाब हळूहळू उतरवावा लागतो, हे तेव्हा नीट उमगले नव्हते. पर्यटक या पुलाकडे फारसे पाहत नाहीत. त्यांची नजर पुढच्या कमानीवर असते.

कमान पाहण्यासारखी आहे, यात वाद नाही. ६३० फूट उंच, तेवढीच रुंद, स्टेनलेस स्टीलने मढवलेली. तिचा शिल्पकार एरो सारिनेन १९६१मध्येच वारला. १९६५मध्ये पूर्ण झालेली कमान त्याने पाहिली नाही. बांधताना तेरा कामगार दगावतील असा विमावाल्यांचा अंदाज होता, प्रत्यक्षात एकही दगावला नाही. आतून पाच-पाच माणसांच्या पिंपासारख्या डब्यांतून चार मिनिटांत वर जाता येते. वरच्या खिडक्या इतक्या बुटक्या की ओणवे होऊनच खाली पाहावे लागते.

खाली मोठे हिरवेगार मैदान दिसते. ते पाहून सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, एवढी मोकळी जागा आणि एक भेळवाला नाही?"

मला त्यांचे हे वाक्य सगळ्या माहितीपत्रकांपेक्षा मोलाचे वाटते. कारण ती जागा मोकळी नव्हती, ती मोकळी केली गेली. १७६४मध्ये फ्रेंच व्यापाऱ्यांनी हे गाव वसवले ते याच काठावर. पुढे आगबोटींच्या काळात इथे ओतीव लोखंडी दर्शनी भागांच्या वखारी उभ्या राहिल्या. धंदा रेल्वेकडे गेला, वखारींना उतरती कळा लागली आणि 'हा गलिच्छ भाग पाडून स्मारक करू, बेकारांना कामही मिळेल' अशी योजना निघाली. १९३५मध्ये पंचाहत्तर लाख डॉलरच्या कर्जरोख्यांसाठी मतदान झाले. प्रस्ताव मंजूर झाला. त्यात बोगस मते पडल्याचे वर्तमानपत्राने नंतर उघडकीस आणले. तरी काम थांबले नाही. १९३९पासून जवळजवळ चाळीस चौक भुईसपाट झाले, एक जुने चर्च तेवढे राहिले. आणि पुढची सुमारे वीस वर्षे त्या जमिनीचा मुख्य उपयोग काय? मोटारी उभ्या करणे!

मी आयुष्यभर बँकेत कर्जाचे प्रस्ताव वाचले. तारण, परतफेड, उद्देश हे सारे अर्जात असते. जे पाडले जाणार त्याची किंमत मात्र कुठल्याच रकान्यात नसते. सेंट लुईसची लोकसंख्या १९५०मध्ये साडेआठ लाखांवर होती, २०२०मध्ये ती तीन लाखांच्या आसपास उरली. याचा दोष कमानीला देणे अडाणीपणाचे होईल. कारखाने गेले, माणसे उपनगरांत गेली. पण काठ सुंदर केला म्हणजे शहर भरभराटीला येते, या समजुतीला हा आकडा चांगला उतारा आहे.

आमच्या पुण्यात मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाच्या सुशोभीकरणाची पायाभरणी मार्च २०२२मध्ये झाली, तेव्हापासून बाजूने आणि विरुद्ध बोलणाऱ्यांचे मी ऐकतो आहे. माझा आक्षेप बाकांना, झाडांना नाही. नदी म्हणजे 'दृश्य' असे एकदा ठरले की धुणी, दशक्रिया, भाजीच्या पाट्या, उनाड पोरे हे सारे त्या दृश्यात खुपू लागते, याला आहे. शिवाय नदीला ते ठरलेले कुणी कळवत नाही. १ ऑगस्ट १९९३ला मिसिसिपी सेंट लुईसला ४९ फुटांवर चढली. तिथे ३० फुटांना पूर धरतात. पूरभिंतीने शहर राखले, पण कमानीच्या पायऱ्यांवर पाणी आले. १२ जुलै १९६१चे पानशेत मी पुन्हा सांगत बसत नाही. निळी आणि लाल पूररेषा नकाशावर आखून झाल्या, तरी मुठेने नकाशा वाचलेला नाही.

संध्याकाळी पलीकडच्या काठावरच्या उद्यानात, उंच मचाणावरून आम्ही शहर पाहिले. मधून मालवाहू तराफ्यांची रांग चालली होती, मागे कमान तांबूस झाली होती. अप्रतिम दृश्य, याच जागेसाठी मी सुरुवातीला तो सल्ला दिला. पण ती जागा ज्या गावाची, त्या ईस्ट सेंट लुईसमध्ये १९५०ला ८२ हजारांवर माणसे होती, २०२०ला साडेअठरा हजारही उरली नव्हती. त्या गावात आमच्यापैकी कुणी गेले नाही. मचाणावर आलेल्या इतर लोकांपैकीही कुणी त्या बाजूला मान वळवताना मला दिसले नाही. नातवाने एकदा विचारले, "आजोबा, मागे काय आहे?" जावई म्हणाले, "काही नाही रे, चल, टाकी रिकामी करायची आहे."