'नवरा सांगतो का?' हे विचारणाऱ्यांना



पूर्वी ग्रामपंचायत असलेल्या आणि आता पनवेल महापालिकेत गेलेल्या एका गावात आमच्या बचत गटाची बैठक चालू होती. एक संशोधक मुलगी प्रश्नावली घेऊन आली. तिसऱ्या पानावर प्रश्न : मत कुणाला द्यायचे हे कोण ठरवते? स्वतः, पती की इतर? बाया एकमेकींकडे बघून हसल्या. मला हसू येईना. एम.एस.डब्ल्यू.च्या प्रबंधासाठी हाच प्रश्न मीही घरोघर विचारत फिरले होते.

हा प्रश्न आला कुठून? अमेरिकन राजकारणाच्या अभ्यासातले नेहमीचे विषय बघा. मतदार कसा ठरवतो, कोणत्या पक्षाशी बांधलेला असतो, अध्यक्ष आणि तिकडची संसद यांची ओढाताण, पैसा, न्यायालये, वंश. मतदाराच्या अभ्यासाचा पाया मानले जाते ते 'द अमेरिकन व्होटर' हे १९६० चे पुस्तक; लिहिणारे चौघेही पुरुष. बायको नवऱ्याच्या मागोमाग मत देते, हा त्यातला सूर. तिकडच्या बायांना देशभर मताचा हक्क मिळून तेव्हा चाळीस वर्षे झाली होती! १९७४ मध्ये सुझन बुर्क आणि जीन ग्रॉसहोल्ट्झ या दोघींनी या गृहीतकाचे वाभाडे काढले. पुढे १९८० मध्ये रेगनना बायांची मते पुरुषांपेक्षा कमी पडली, तेव्हा कुठे 'स्त्रियांचे मत' हा दखल घेण्याजोगा विषय झाला.

आपल्याकडे मात्र तो जुना प्रश्न अजून सुखाने नांदतो आहे. सरपंचपती नसतात असे मी म्हणत नाही. मला रोज भेटतात. पण बाईला अडवणारा तेवढा एकच का? इतिवृत्त कोण लिहितो, कोऱ्या पानावर सही कोण मागतो, अविश्वास ठराव कुणाच्या ओटीवर शिजतो? १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झाले तर पंचायतीचे सदस्यत्व जाते. मूल होऊ द्यायचे की नाही हे जिच्या हातात नाही, तिचे पदही जाते. यासाठी तुमच्या प्रश्नावलीत चौकट कुठे आहे?

नेमका प्रश्न विचारला की उत्तरही नेमके मिळते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डफ्लो यांनी नवऱ्याची चौकशी केली नाही. पंचायतीचा पैसा कशावर गेला ते पाहिले. प्रमुखपद बायांसाठी राखीव होते तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झालेला दिसला.

आता आमचे पनवेल घ्या. २०१६ मध्ये महापालिका झाली आणि खारघर, कामोठ्यासारख्या ग्रामपंचायती विसर्जित झाल्या. निवडून आलेल्या बाया एका अधिसूचनेने घरी बसल्या. ग्रामसभा गेली, तिच्याआधी होणारी महिला सभाही गेली. २०१७ मध्ये ७८ नगरसेवक निवडून आले, त्यात निम्म्या जागा बायांच्या. २०२२ मध्ये मुदत संपली, वेळेवर निवडणूक नाही, कारभार प्रशासकाकडे. त्या काळात नळाची तक्रार घेऊन बाईने कुणाचे दार वाजवायचे होते? माझ्या हाती आलेल्या एकाही प्रबंधात हे विचारलेले नाही. माझ्या स्वतःच्या तर नाहीच.

त्या मुलीला मी शेजारच्या आळीतल्या एका माजी सदस्येकडे घेऊन गेले. बाई बोलू लागली ती थांबेचना. मुलीने प्रश्नावली पिशवीत घातली आणि वहीची मागची पाने काढली. तिची साडेसहाची एसटी चुकली.