डी-मार्ट का चालतो आणि आपल्या वस्तीतले दुकान का बुडते?



मागच्या महिन्यात नांदेडच्या आमच्या वस्तीतले किराणा दुकान आम्ही बंद केले. ११ जणांनी प्रत्येकी २० हजार काढून उभे केलेले दुकान १७ महिने चालले. शटर ओढले तेव्हा गल्ल्यात काही नव्हते, रॅकवर एक्स्पायरी गेलेले बिस्किटांचे पुडे होते आणि उधारीच्या वहीत १ लाख ३८ हजार रुपये होते. ज्यांच्या नावावर ती उधारी आहे ती माणसे आपलीच आहेत. त्यांच्या दारात वसुलीला जाण्याची आमची हिंमत नाही आणि इच्छाही नाही.

त्याच आठवड्यात आमच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत आला. डी-मार्टचे राधाकिशन दमाणी कॉलेज अर्धवट सोडून अब्जाधीश झाले, साधे पांढरे कपडे घालतात, मग तुम्ही आरक्षणाच्या नावाने किती दिवस रडणार, असा त्याचा सूर होता. पाठवणारा आपलाच पोरगा होता. त्याच्यावर आमचा राग नाही. पण त्याला आणि त्याच्यासारख्या हजारोंना उत्तर देणे ही आमची जबाबदारी आहे, कारण या प्रश्नाचे आमचे उत्तर आम्ही पुस्तकात वाचलेले नाही. त्यासाठी आम्ही दोन लाख वीस हजार मोजले आहेत.

आधी डी-मार्टचे गणित समजून घेऊ

शत्रू म्हणून नव्हे, अभ्यास म्हणून पाहा. डी-मार्टचे पहिले दुकान २००२ साली मुंबईत पवईला निघाले. शेअर बाजारात कंपनी आली ती मार्च २०१७ मध्ये. म्हणजे पंधरा वर्षे घाई केली नाही. मार्च २०२५ अखेर ४१५ दुकाने झाली. या कंपनीची सूत्रे तीन. पहिले, शक्यतो जागा स्वतःच्या मालकीची घ्यायची, म्हणजे भाड्याचा फास गळ्याला नाही. दुसरे, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करायचे आणि त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा. तिसरे, मोजकाच पण रोज लागणारा माल ठेवायचा, तो झटपट विकायचा, आणि झगमगाटावर खर्च करायचा नाही.

आता दुसरे उदाहरण घ्या. किशोर बियाणींचे बिग बझार २००१ मध्ये सुरू झाले. एक काळ असा होता की देशात मॉल म्हटले की बिग बझारच आठवायचे. पण दुकाने भाड्याची, वाढ कर्जावरची. कोरोनात शटर बंद झाले, भाडे थकले, हप्ते थकले. ऑगस्ट २०२० मध्ये २४,७१३ कोटींना रिलायन्सला धंदा विकायचा करार झाला, तो अॅमेझॉनने कोर्टकचेरीत अडवला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रिलायन्सने भाडेपट्टे आपल्याकडे घेतलेल्या दुकानांचा ताबा घ्यायला सुरुवात केली आणि जुलै २०२२ मध्ये फ्युचर रिटेल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. बँकांचे हजारो कोटी अडकले.

मग निष्कर्ष सोपा वाटतो: कर्ज कमी, जागा स्वतःची, रोख खरेदी, संयम. व्यवस्थापनाच्या वर्गात एवढेच शिकवतात आणि तास संपतो. आमचा प्रश्न तिथून सुरू होतो. जागा स्वतःची घ्यायला पैसा कुणाकडे असतो? पंधरा वर्षे संयम कुणाला परवडतो? दमाणी किराणा विकायला बसले तेव्हा ते शेअर बाजारातले नावाजलेले गुंतवणूकदार होते. त्यांची हुशारी आम्ही नाकारत नाही. पण शून्यातून उभे राहिले, ही गोष्ट सांगताना तो 'शून्य' कुठे होता, हेही सांगा.

पत कुठे मिळते?

आमचे दुकान का बुडाले ते प्रामाणिकपणे सांगतो. मोंढ्यात माल भरायला गेलो तेव्हा आमच्या शेजारी उभ्या असलेल्या दुकानदाराला व्यापाऱ्याने महिनाभराच्या बोलीवर तेलाचे डबे, साखर, डाळ दिली. चिठ्ठी नाही, सही नाही. 'यांच्या वडिलांपासून व्यवहार आहे' एवढेच कारण. आम्हाला सांगितले, 'रोख द्या, माल न्या.' जात कुणी विचारली नाही. विचारायची गरजच नव्हती. वस्तीचे नाव सांगितले की पुरे होते.

म्हणजे आम्ही माल रोखीने आणला आणि उधारीने विकला. डी-मार्टच्या बरोबर उलट! तिथे गिऱ्हाईक रोख देते. आमचे गिऱ्हाईक बांधकामावरचा मजूर, ज्याला पगार आठवड्याने मिळतो, कधी मुकादम बुडवतो. आमचे गिऱ्हाईक सोयाबीन काढायला जाणारी बाई, जिच्या हातात हंगामातच पैसा येतो. आमचे गिऱ्हाईक ऊसतोडीला गेलेले कुटुंब, ज्याची म्हातारी मागे राहते आणि पाव किलो साखर वहीवर नेते. त्यांना 'नाही' म्हणणारे दुकान काढायला आम्ही बसलो नव्हतो.

भांडवल वाढवायला बँकेत गेलो. साहेबांनी तारण विचारले. राहते घर? ते नझुलच्या जागेवर. शेत? असते तर दुकान कशाला काढले असते! फाइल चार महिने फिरली आणि परत आली.

मराठीत याला एकच शब्द आहे: पत. पत म्हणजे विश्वास, आणि पत म्हणजे उधार मिळण्याची ताकद. बाजारात ती हुशारीने मिळते असे सांगतात. आमचा अनुभव असा की ती आधी जन्माने मिळते, मग हुशारीने वाढते.

हे आजचे नाही. बाबासाहेब परदेशातून शिकून आल्यावर, बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यानंतर, मुंबईत त्यांनी शेअर आणि रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देणारी कचेरी काढली होती. कोलंबिया आणि लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकलेला माणूस! सल्ला चांगला होता, गिऱ्हाईक येत होते. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक आटले आणि कचेरी बंद करावी लागली. चरित्रकार धनंजय कीर यांनी ही नोंद केलेली आहे. तिथे मालात खोट नव्हती, हिशोबात चूक नव्हती. 'कष्ट करा, यश मिळेल' म्हणणाऱ्यांनी सांगावे की त्या माणसाचे कष्ट कुठे कमी पडले?

मॉलमध्ये आपल्या पोरांना बरे का वाटते?

इथे आपल्या काही साथींशी आमचे मतभेद आहेत. मॉल म्हटला की ते सरळ 'भांडवलशाहीचा अड्डा' म्हणून मोकळे होतात. पण आपल्या आज्यांना विचारा. गावच्या दुकानात पायरीखाली उभे राहायचे, पैसे जमिनीवर ठेवायचे, माल वरून पदरात टाकला जायचा. मालाला हात लावायचा नाही, भाव विचारायचा नाही. आणि गावाने बहिष्कार टाकला की पहिले दोन दरवाजे बंद व्हायचे: किराणा दुकान आणि पिठाची गिरणी. १९७८ च्या नामांतराच्या काळात मराठवाड्याने हे सोसले आहे.

म्हणूनच घटनेच्या कलम १५ मध्ये बाबासाहेबांच्या पिढीने विहिरी, तलाव, रस्त्यांबरोबर 'दुकाने' हा शब्द घातला. म्हणूनच १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात अस्पृश्यतेच्या कारणाने माल विकायला नकार देणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. दुकान ही नुसती धंद्याची जागा नाही, हे घटनेला माहीत होते.

त्या आजीची नात मॉलमध्ये स्वतःच्या हाताने डाळीचे पाकीट उचलते, छापील किंमत वाचते, रांगेत कुणाच्याही पुढे-मागे उभी राहते. ही समता छोटी नाही. मोठ्या दुकानांच्या यशाचे हेही एक कारण आहे आणि ते कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. फक्त लक्षात ठेवा, ही समता गल्ल्यापर्यंतच आहे. गल्ल्याच्या पलीकडे, ट्रॉल्या ढकलणारे, रॅक भरणारे, गेटवर उभे राहणारे कंत्राटी हात कुणाचे आहेत आणि माल पुरवणाऱ्या एजन्सीच्या पाट्यांवर आडनावे कुणाची आहेत, ते एकदा मोजून या. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. एकेका रस्त्यावर चालत जा आणि आपल्या माणसांची किती दुकाने लागतात ते बोटांवर मोजा. बोटे उरतील.

आपल्या खिशाशिवाय त्यांचेही चालत नाही

ऑगस्ट २०१९ आठवतो का? पार्लेने इशारा दिला होता की मागणी घटली तर दहा हजारांपर्यंत नोकऱ्या जाऊ शकतात. ब्रिटानियाचे प्रमुख म्हणाले होते की पाच रुपयांचा पुडा घेतानाही गिऱ्हाईक दोनदा विचार करते. एवढ्या मोठ्या कंपन्या कशाने हलल्या? खेड्यातल्या मजुराने पाच रुपये खिशातच ठेवले म्हणून! २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना लातूरच्या बाजारात भाव त्याच्या खाली होता. शेतकऱ्याचा भाव पडला की शेतमजुराची मजुरी पडते, आणि मजुरी पडली की साबण, बिस्किट, तेलाचे पाऊच सगळेच अडते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने दुष्काळी कामांवर माणसे लावली तेव्हा नुसते खडी फोडायचे काम दिले नाही, गावच्या बाजारात पैसाही सोडला. मजुरी वाढवा, ही मागणी म्हणूनच दयेची नाही, अर्थशास्त्राची आहे.

आणि खिशाची ताकद संघटित झाली की काय होते? १ फेब्रुवारी १९६० रोजी अमेरिकेत ग्रीन्सबरो येथे चार काळे विद्यार्थी वूलवर्थ या बड्या दुकानाच्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले. त्या दुकानात काळ्यांकडून टूथपेस्ट, वह्या यांचे पैसे घेत होते, पण काउंटरवर बसून कॉफी देत नव्हते. पैसा चालत होता, माणूस चालत नव्हता. विद्यार्थी रोज बसत राहिले, बहिष्कार वाढला, विक्री घसरली आणि जुलैमध्ये तो काउंटर सर्वांना खुला झाला.

'आपल्याच दुकानातून घ्या' एवढ्याने भागेल का?

नाही. आम्ही करून पाहिले. उद्घाटनाला तीनशे माणसे आली, घोषणा झाल्या, फोटो निघाले. दुसऱ्या महिन्यात तेलाचा डबा वीस रुपये स्वस्त मिळतो म्हणून तीच माणसे मॉलमध्ये गेली. त्यांचे चुकले का? दिवसाला चारशे कमावणाऱ्या बाईने विचारासाठी वीस रुपये जास्त द्यावेत, हा उपदेश करण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण ज्याला पगार आहे, जो जयंतीच्या डीजेला हजार रुपयांची पावती फाडतो आणि दुकानात महिन्याची उधारी ठेवतो, त्याला मात्र आम्ही विचारणार. आमच्या वहीतली निम्मी उधारी अशा पगारदारांची आहे. हे लिहिताना वाईट वाटते, पण लपवले तर पुढचे दुकानही बुडेल.

आमच्याही चुका झाल्या. अकरा मालक आणि हिशोब एकाच्या डोक्यात. चाळीस वस्तूंनी भागले असते तिथे दोनशे ठेवल्या. मजुराची उधारी आणि पगारदाराची उधारी एकाच वहीत लिहिली.

दुसरीकडे 'दलित भांडवलशाही'चा मार्ग सांगितला जातो. लातूर जिल्ह्यातून पुढे आलेल्या मिलिंद कांबळे यांनी २००५ साली पुण्यात डिक्की ही दलित उद्योजकांची संघटना उभी केली, त्याचे मोल आम्ही जाणतो. पण शंभर कोट्यधीश झाल्याने वस्तीची पत वाढत नाही. बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये मूलभूत उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या मालकीची मागितली, ती भांडवलाची दारे मूठभरांच्या हातात राहू नयेत म्हणून. ती दारे उघडायचे काम चळवळीचे आहे.

म्हणून चार कामे ठरवली आहेत

एक. स्टँड-अप इंडिया योजना ५ एप्रिल २०१६ ला सुरू झाली. प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकाला १० लाख ते १ कोटीपर्यंत कर्ज द्यायचे होते. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या राष्ट्रीयीकृत बँकांच्या प्रत्येक शाखेकडे माहितीच्या अधिकारात विचारायचे: २०२५ पर्यंत किती दिले, किती अर्ज नाकारले, कोणत्या कारणाने?

दोन. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात सरकारी कंपन्यांनी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून करायची आहे. आपल्या महापालिका, जिल्हा परिषदा, वसतिगृहे, आश्रमशाळा यांचा किराणा कोण पुरवतो, तेही कागदावर मागायचे. महापालिकेच्या आणि बाजार समितीच्या गाळ्यांचे वाटपही.

तीन. एकेकट्या दुकानाने मोंढ्यात रोख मोजू नये. पाच वस्त्यांची पाच दुकाने मिळून एकत्र खरेदी करायची, चाळीसच वस्तू, हिशोब भिंतीवर लावायचा.

चार. उधारी फक्त रोजंदारीवाल्याला, मर्यादा ठरवून. पगारदाराला रोख. मग तो कार्यकर्ता असो की नेता.

आमच्या दुकानाचे शटर अजून आमच्याच ताब्यात आहे, भाडे दिवाळीपर्यंत भरलेले आहे. वहीतली पगारदारांची नावे आम्ही इथे लिहीत नाही. त्यांनी हा लेख वाचला असेल. त्यांनी येऊन आपापले पान फाडून न्यावे, पैसे देऊन. शटर पुन्हा वर करायला तेवढे भांडवल पुरेल.

जयभीम!