श्रीमंत होण्याची पोथी



अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर पुस्तकांची दुकानं लागतात. गावागावांतून माणसं भाकरीचं गठुडं घेऊन येतात आणि जाताना पुस्तक घेऊन जातात. बाकीच्या जत्रेत माणूस नारळ फोडतो, इथं पुस्तक विकत घेतो. हे आपण छाती पुढं काढून सांगतो, सांगायलाच पाहिजे. पण त्याच घरातला पोट्टा वर्षाचे बाकीचे दिवस काय वाचतो हे कोणी विचारत नाही. इंदोऱ्यात जा, पाचपावलीत जा, रामबागेत जा. पोट्ट्याच्या हातात बघा. 'रिच डॅड पुअर डॅड'. 'थिंक अँड ग्रो रिच'. 'द सीक्रेट'. मराठीत उतरवलेली, फुटपाथवर निम्म्या किमतीत मिळणारी. पुस्तकाला पैसे नसले तर मोबाईलवर कोणी कोट-टायवाला तेच फुकटात सांगतो, आणि शेवटी आपल्या कोर्सची फी सांगतो.

वाचू नका असं मी म्हणणार नाही. आपल्या बापजाद्यांना अक्षर बघायची बंदी होती, मी कोणत्या तोंडानं पुस्तकावर बंदी घालू? वाचा. पण डोकं खुंटीला टांगून वाचू नका.

सत्यनारायणाची पोथी आठवते? आपल्या लोकांनी १९५६ साली ती घराबाहेर काढली, म्हणून नव्या पोरांना माहीत नसेल, तर सांगतो. त्यात एक साधुवाणी आहे. व्यापारी माणूस. तो तुरुंगात गेला, का? तर बोललेला नवस फेडला नाही. त्याच्या नावेतल्या मालाचा पालापाचोळा झाला, का? तर खोटं बोलला. जावई नावेसकट दिसेनासा झाला, का? तर पोरगी प्रसाद न खाता धावली. वादळ नाही, बाजार नाही, राजाचा जुलूम नाही. जे झालं ते व्रत चुकल्यामुळं. पोथी कधी खोटी ठरत नाही, खोटा ठरतो तो माणूस.

आता २००६ साली निघालेलं 'द सीक्रेट' उघडा. मनात पक्कं धरलं की विश्व तुम्हाला आणून देतं म्हणे. नाही आणून दिलं तर? तुम्ही पक्कं धरलं नव्हतं. शंका आली होती तुमच्या मनात. झाला की नाही साधुवाणी? मागच्या जन्माच्या पापाच्या जागी या जन्माचा 'निगेटिव्ह माइंडसेट' बसवला, बाकी पोथी तीच. मनू म्हणे तुझी गरिबी तुझं कर्म, हा टायवाला म्हणे तुझी गरिबी तुझा विचार. दोघांच्याही वहीत मालक नाही, सावकार नाही, जात तर नाहीच नाही.

आपल्या शहराचंच घ्या. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. यशस्वी माणसांच्या पुस्तकांत ही गोष्ट हमखास असते. दूरदृष्टी, चिकाटी, मोठं स्वप्न. दूरदृष्टी होती, मी नाकारत नाही. कापूस इथला, कोळसा वरोऱ्याचा, रेल्वे दारात. पण साच्यावर उभे राहिलेले हात कोणाचे होते? खेड्यात जाडंभरडं कापड विणून पोट भरणाऱ्या महारांचा माग ज्या मिलच्या कापडानं मोडला, तेच महार मिलमध्ये मजूर म्हणून उभे राहिले. आजा, बाप, लेक, तीन-तीन पिढ्या भोंग्यावर उठल्या. १९८६ साली मिल सरकारी महामंडळाकडे गेली, २००२ साली बंद पडली, तिथं मॉल बांधला गेला. आता मला सांगा, २००२ साली एवढ्या कामगारांचा माइंडसेट एकाच दिवशी खराब झाला काय बे? पहाटे उठायची सवय लावा म्हणून ही पुस्तकं सांगतात. आमचे म्हातारे सव्वाशे वर्षं पहाटेच उठत होते!

अजून जवळचं दुखणं काढतो. खैरलांजी. भंडारा जिल्हा, नागपूरहून दोन-अडीच तासांचा रस्ता. भोतमांगे कुटुंबानं काय केलं नव्हतं? स्वतःची जमीन कसली. पोरांना शिकवलं. पोरगी सायकलनं शाळेत जायची. झोपडीच्या जागी विटांचं घर बांधायचं होतं. जमिनीतून रस्ता काढायला आले तर ताठ मानेनं विरोध केला. यशाच्या पुस्तकांतले सगळे नियम त्या घरानं कोणतंही पुस्तक न वाचता पाळले. २९ सप्टेंबर २००६ ला त्याच घरातली आई, मुलगी आणि दोन मुलगे गावानं मारून टाकले. नंतर कोर्टात अ‍ॅट्रॉसिटी कायदासुद्धा लागला नाही. दलित माणूस गरीब राहिला तर आळशी, वर आला तर माजला. या दुसऱ्या भागावर 'सेल्फ-हेल्प'च्या कपाटात एक पान सापडत नाही.

हे आपल्याकडेच घडतं असंही नाही. अमेरिकेत टल्सा शहरात काळ्या लोकांनी ग्रीनवूड नावाची व्यापारी वस्ती उभी केली होती. दुकानं, हॉटेलं, डॉक्टर, वकील, सगळं स्वतःचं. १९२१ साली गोऱ्या जमावानं दोन दिवसांत ती जाळून टाकली.

वस्तीत एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. "जरीपटक्यातले सिंधी बघ. फाळणीत सगळं टाकून आले, रस्त्यावर बसून माल विकला, आज बघ कुठं आहेत. तुमाले काऊन नाही जमत?" सिंध्यांच्या कष्टाला माझा सलाम. पण हिशेब पुरता मांडा. निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी १९५४ साली कायदा झाला, गमावलेल्या मालमत्तेची भरपाई ठरली. आम्ही गमावलेल्याची मोजणी कोणत्या खात्यात झाली? व्यापाऱ्याला उधारीवर माल देणारा जातवाला व्यापारी असतो, आम्हाला कोण देणार? आणि मुख्य गोष्ट, त्यांच्या हातचा पापड खाल्ला म्हणून कोणी बाटत नव्हतं. आमच्या माणसानं खेड्यात चहाची टपरी टाकली की आधी आडनाव विचारतात, मग तहान लागते की नाही ते ठरतं.

योगायोग बघा. १९३६ साली अमेरिकेत डेल कार्नेगीचं मित्र जोडा, लोकांवर छाप पाडा सांगणारं पुस्तक निघालं. त्याचा सल्ला असा की टीका करू नका, वाद टाळा, समोरच्याला मोठेपणा द्या. त्याच १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना सांगितलं, भाषणातला एवढा भाग गाळा. कार्नेगीच्या शिकवणीत ते बसलं असतं. भाग गाळायचा, हात मिळवायचा, हार घालून घ्यायचा. बाबासाहेबांनी भाग गाळला नाही. मंडळानं परिषदच रद्द केली आणि बाबासाहेबांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' स्वतःच्या खर्चानं छापलं. त्यांनी मित्र जोडले असते तर आज आपल्या हातात काय असतं?

आणि या गुरूंचा स्वतःचा धंदा? 'रिच डॅड'चा लेखक रॉबर्ट कियोसाकी. १९९७ साली पुस्तक काढलं, जगाला पैशाचं शहाणपण शिकवलं. सेमिनारच्या भागीदाराचे पैसे देण्याचा कोर्टाचा निकाल विरोधात गेला, तेव्हा २०१२ साली त्याच्या एका कंपनीनं दिवाळं जाहीर केलं. त्याचा स्वतःचा बंगला शाबूत राहिला. आपल्या पोट्ट्याकडं काय आहे? मायची पोत.

ती पोत कुठं जाते हेही सांगतो. एक वाट शेअर बाजाराच्या 'ऑप्शन'ची. सेबीनं २०२४ साली आकडे दिले. आधीच्या तीन वर्षांत या सट्ट्यात उतरलेल्या साध्या माणसांपैकी १०० मागे ९३ जण बुडाले, मिळून १ लाख ८० हजार कोटींच्या वर. दुसरी वाट साखळीची. फोन 'जयभीम'नं सुरू होतो, 'साईड इनकम'वर येतो. दोन माणसं तू आण, ते दोन-दोन आणतील. माणसं साखळीत ओवून पैसे फिरवायच्या योजनांवर १९७८ पासून बंदी आहे, २०२१ च्या नियमांनी थेट विक्रीच्या नावाखाली पिरॅमिड चालवायलाही मनाई केली. तरी हॉल भरतात. यात पैसा बुडतो ते बुडतोच. ज्या जयभीमवर आपण एकमेकांच्या दारात रात्री-बेरात्री उभं राहू शकतो, तो जयभीम विकला जातो. उद्या मोर्चाला बोलवायला गेलास तर दार उघडणारा आधी विचारेल, आता काय विकायला आणलंस?

आता इकडं वळतो. आपल्यातले काही कार्यकर्ते पैशाचं नाव काढलं की नाक मुरडतात. पैसा म्हणजे भांडवलशाही, हिशेब म्हणजे बनियागिरी. यांना बाबासाहेब कुठले माहीत? कोलंबियात आणि लंडनमध्ये ते शिकले ते अर्थशास्त्र. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, पुढं हिल्टन यंग कमिशनपुढं साक्ष दिली. त्यांचा एक मुद्दा आजही मजुराला कळेल असा आहे. रुपया पडला की व्यापाऱ्याचा जो फायदा दिसतो तो बऱ्याच अंशी मजुराच्या खिशातून येतो, कारण भाव भराभर चढतात आणि मजुरी मागून रखडत येते. हे पैशाचं ज्ञान! यात कोण कोणाच्या जिवावर श्रीमंत होतो ते दिसतं.

बाबासाहेबांनी धंदाही करून बघितला. बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यावर मुंबईत शेअरबाबत सल्ला द्यायचं काम सुरू केलं. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासं झालं. ज्ञान कमी होतं काय? माइंडसेट कच्चा होता काय? जातीनं बाजार बंद केला. पुढं बाबासाहेबांनी जात पकडली, पण बाजारही सोडला नाही. १९५३ साली मुंबईत वाणिज्य आणि अर्थशास्त्राचं सिद्धार्थ कॉलेज उघडलं गेलं ते त्यांच्याच संस्थेचं.

आणि कामठीचे बाबू हरदास. जयभीम त्यांनी रुजवला हे सगळ्यांना पाठ आहे. विडी कामगारांना ठेकेदाराच्या जबड्यातून काढायला त्यांनी सहकारी तत्त्वावर विड्यांचं काम चालवलं, संघटना बांधली, रात्रशाळा काढल्या, हे किती जणांना ठाऊक आहे? १९३९ साली गेले तेव्हा पस्तिशीसुद्धा ओलांडली नव्हती. त्यांना धंदा कळत होता. एकट्यानं ठेकेदार होण्यात त्यांना रस नव्हता.

तथागतांनीही सिगालाला सांगितलं, कमाईचे चार वाटे कर. एक खा, दोन कामात लाव, एक अडचणीला ठेव. उपासकांनी हे सुत्त विहारात म्हणण्यापुरतं ठेवलं आहे.

तेव्हा पैशाचं वाचायचंच असेल तर सरकारनं १९८९ साली काढलेला बाबासाहेबांचा सहावा खंड आणा, आठ-दहा जणांनी मिळून, कॉमर्सच्या एखाद्या पोराला मधे बसवून वाचा. आयाबाया दर आठवड्याला मायक्रोफायनान्सचा हप्ता भरतात, त्या कागदावरचा व्याजाचा दर त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. भिशी कुठं फुटते ते बघा. बँकेत दलितांच्या धंद्याचं कर्ज मागायला गेलेल्याला मॅनेजर काय सांगून परत पाठवतो ते लिहून ठेवा, तारखेसकट.

आणि पहिला धडा घरचाच घ्या. यंदाच्या १४ एप्रिलची वर्गणी किती जमली, डीजेवर किती गेली, अभ्यासिकेला किती उरली, हा हिशेब पावत्यांसकट विहाराच्या भिंतीवर चिकटवा. मी माझ्या वस्तीत मागितला आहे. अजून मिळाला नाही.