निष्ठा कुणाची, परीक्षा कुणाची?

होमरच्या 'ओडिसी'चा विषय निघाला की पेनेलोपी म्हणजे ग्रीकांची सीता-सावित्री, असं म्हणून आपण मोकळे होतो. नवरा २० वर्षं घराबाहेर, लग्नासाठी वाड्यात ठाण मांडून बसलेले १०८ पुरुष, आणि ही आपली त्याची वाट पाहतेय. झाली पतिव्रता! मला हे पटत नाही. तुलना सोयीची आहे, पण तिच्यामुळे मूळ काव्यात काय आहे ते पाहायचंच राहून जातं.

एकतर पेनेलोपी नुसती वाट पाहत बसलेली नाही. सासऱ्याचं प्रेतवस्त्र विणून झालं की लग्नाचं बघू, असं सांगून ती दिवसा विणते आणि रात्री तेच उसवते. एका दासीने फितुरी करेपर्यंत तीन वर्षं तिने या सगळ्यांना झुलवलं. तिची निष्ठा सोशिक नाही, चांगली हुशार आहे.

आता ओडिसियसचं पाहा. दहा वर्षं ट्रॉयच्या युद्धात गेली, दहा परतीच्या वाटेवर. त्यातलं एक वर्ष सर्सीकडे आणि सात वर्षं कॅलिप्सोच्या बेटावर. कॅलिप्सो तर त्याला अमर करायला तयार असते. पाचव्या सर्गात तो तिला सरळ सांगतो, की पेनेलोपी रूपाने तुझ्या पासंगालाही पुरणार नाही, ती मर्त्य आहे. तरी मला घरीच जायचंय. ही जागा मला फार मोठी वाटते. न मरणारी देवी सोडून म्हातारं होणारं आपलं माणूस निवडणं, ही त्याची निष्ठा. शरीराचा हिशोब त्यात कुणी मागत नाही.

बायकांकडे मात्र तोच हिशोब मागितला जातो. 'इलियड'च्या पहिल्याच सर्गात ॲगमेम्नॉन भर सभेत म्हणतो, की लग्नाच्या बायकोपेक्षा मला ही युद्धात मिळालेली मुलगी जास्त आवडते. पुढे त्याच बायकोच्या कटात तो मारला जातो, आणि पाताळात भेटलेल्या ओडिसियसला उपदेश करतो, की बायकांवर विश्वास ठेवू नकोस!

याहून वाईट गोष्ट बाविसाव्या सर्गात आहे. घरातल्या ५० दासींपैकी १२ जणी त्या पुरुषांबरोबर निजल्या म्हणून बेइमान ठरतात. त्यांच्याकडून आधी प्रेतं उचलून घेतात, रक्त पुसून घेतात, आणि मग टेलेमॅकस त्यांना एका दोरावर फासावर लटकवतो. त्याच सर्गाच्या सुरुवातीला ओडिसियस त्या पुरुषांवर काय आरोप करतो? तुम्ही माझ्या दासींवर जबरदस्ती केलीत! म्हणजे जबरदस्ती झाली हे मालकाला ठाऊक आहे. तरी शिक्षा त्यांनाच. काळ तसा होता, असं म्हणून ही गोष्ट सोडून देता येत नाही, कारण दोन्ही वाक्यं एकाच काव्यात आहेत.

आणि तरीही याच काव्यात तेविसावा सर्ग आहे. मुलगा सांगतो, दाई सांगते, तरी पेनेलोपी नवऱ्याला ओळख देत नाही. त्याच्यासमोरच ती दाईला पलंग बाहेर आणायला सांगते. ओडिसियस भडकतो. जमिनीत रुजलेल्या ऑलिव्हच्या खोडातून त्याने स्वतः घडवलेला पलंग हलणार कसा? हे गुपित त्या दोघांचं. तेव्हा कुठे तिची खात्री पटते. सीतेला अग्निपरीक्षा द्यावी लागली. इथे परीक्षा नवऱ्याची आहे आणि घेणारी बायको आहे. मग तुलना टिकते कुठे?

सहाव्या सर्गात ओडिसियस एका परक्या राजकन्येला म्हणतो, की नवराबायकोने एका मनाने घर चालवावं, यापेक्षा चांगलं काही नाही. त्या पलंगापाशी होमर असं घर दाखवतो, आणि त्याच घराच्या अंगणात त्या बारा जणींचा फासही दाखवतो. पेनेलोपीचे गोडवे जरूर गावेत. पण मग त्या बारा जणींचं काय, हेही विचारावं.